बीजांडात पोहणारे पुंयुग्मक

बंगल्याच्या आवारात हमखास दिसणाऱ्या सायकसला बहुतेक लोक पाम समजतात. पाम ही फुलणारी वनस्पती आहे. सायकसला मात्र फूल येतच नाही. मादी झाडाच्या शेंड्याशी लवदार, पानासारखे अवयव येतात आणि त्यांच्या कडांना बीजांडे, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे बी बनते ते भाग, उघडीच असतात. पाइन, देवदार, गिंको यांच्यासह सायकस अनावृतबीजी, म्हणजे बी फळात झाकलेले नसलेल्या, वनस्पतींत मोडते. या गटाच्या आज जेमतेम हजारभर जाती उरल्या आहेत.

बीज आले आणि वनस्पती पाण्याच्या बंधनातून सुटल्या, असे आपण शाळेत शिकतो. नेच्याच्या पुंयुग्मकांना, म्हणजे नर प्रजननपेशींना, अंडपेशीपर्यंत पोहत जाण्यासाठी बाहेरचे पाणी लागते, बीजधारी वनस्पतींना ते लागत नाही, हे खरेच आहे; पण म्हणून पोहणे लगेच थांबले, असे मात्र नाही. सायकसच्या बीजांडाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून चिकट द्रवाचा थेंब बाहेर येतो, वाऱ्याने किंवा कीटकांनी आणलेले परागकण त्यात अडकतात आणि थेंब आटू लागला की त्याच्याबरोबर आत ओढले जातात. तेथे परागकणातून परागनलिका ही बारीक नळी निघते, परंतु ती पुंयुग्मकांना अंडपेशीपर्यंत पोहोचवत नाही. बीजांडाच्या ऊतींत शिरून ती केवळ अन्न शोषते. काही महिन्यांनी नलिकेचे फुगलेले टोक फुटते, त्यातून दोन पुंयुग्मक द्रवासह बाहेर पडतात आणि सर्पिलाकार पट्ट्यात मांडलेल्या हजारो कशाभिका (चाबकासारखे हलणारे सूक्ष्म तंतू) हलवत अंडपेशीकडे पोहत जातात. सायकसच्या नात्यातल्या झेमियाचे पुंयुग्मक तर इतके मोठे असतात की नुसत्या डोळ्यांनाही ते ठिपक्यासारखे दिसतात.

गिंकोतील असे पोहणारे पुंयुग्मक 1896 मध्ये तोक्योत साकुगोरो हिरासे यांनी प्रथम पाहिले आणि त्याच वर्षी सेइचिरो इकेनो यांना ते सायकसमध्ये आढळले. हिरासे हे विद्यापीठात चित्रे काढणारे सहायक होते. 1912 मध्ये दोघांनाही जपानच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले.

‘डायनासोरच्या काळातले झाड’ म्हणून सायकसची जाहिरात केली जाते, ती दिशाभूल करणारी आहे. गट तेवढा जुना असला, तरी 2011 च्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे 1 कोटी 20 लाख वर्षांतच निर्माण झाल्या, आणि डायनासोर नष्ट होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटली आहेत.

पाइनमध्ये आणि सह्याद्रीच्या जंगलांत चढणाऱ्या नीटम या काष्ठमय वेलीत कशाभिका उरलेल्या नाहीत. तेथे परागनलिकाच पुंयुग्मकांना अंडपेशीपर्यंत नेऊन सोडते.