जुन्या बंगल्याच्या खिडक्यांची सफाई: दर कसा ठरतो आणि फोनवर काय सांगावं

"आमच्याकडे सोळा खिडक्या आहेत, किती घ्याल?" असे दिवसाला तीन-चार फोन तरी येतात. आम्ही उलट विचारतो, "तावदानं किती?" की पलीकडे शांतता. काही जण चिडतातही. साधा दर विचारला तर हा माणूस परीक्षा घेतोय, असं त्यांना वाटतं. म्हणून हे पत्रक.

फ्लॅटच्या स्लायडिंग खिडक्यांचा आमचा दर ठरलेला आहे, तो फोनवर लगेच सांगतो. हे लिहिलंय ते पुण्यातल्या प्रभात रोड, भांडारकर रोड, लॉ कॉलेज रोड, कॅम्प इथले जुने बंगले आणि पेठांमधले उरलेसुरले वाडे यांच्यासाठी.

पूर्वी आम्हीही खिडकीवर दर लावायचो, एका खिडकीला १३० रुपये. एका काकांनी फोनवर "अठरा खिडक्या" सांगितल्या, आम्ही २३४० रुपये सांगून मोकळे झालो. माणसं पोचली तेव्हा प्रत्येक खिडकीला दोन झडपा, एकेका झडपेत सहा तावदानं आणि वर व्हेंटिलेटरची तीन निघाली. म्हणजे एका खिडकीत पंधरा काचा, अठरा खिडक्यांत २७०. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायचं काम अंधार पडेपर्यंत चाललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं लागलं. काकांचं म्हणणं एकच, "खिडकी ती खिडकीच." शब्द दिला होता, त्याच पैशात काम पुरं केलं. त्यानंतर मात्र खिडकीवर दर लावणं कायमचं बंद.

यावर लोक म्हणतात, मग चौरस फुटावर लावा, काच शेवटी तेवढीच ना. काच तेवढीच, काम तेवढं नाही. मोठ्या सलग काचेवर वायपर वरून खाली एकदा ओढला की झालं. फूटभराच्या तावदानात तो चारही बाजूंना लाकडाला अडतो आणि कोपऱ्यांत पाणी उरतं. ते फडक्याचं टोक बोटावर घेऊन टिपावं लागतं, नाहीतर वाळल्यावर तिथे पांढरी रेघ उमटते. एका तावदानाचे चार कोपरे, दोन बाजूंचे आठ. काकांच्या बंगल्यात २१६० कोपरे होते. मधली काच जवळजवळ फुकटच पुसली जाते, मजुरी आहे ती कोपऱ्यांची.

तेव्हा घरातली एक खिडकी घ्या आणि तिची तावदानं मोजा. झडपांमधली, वरच्या व्हेंटिलेटरमधली, जिन्यातली रंगीत असतील तर तीही. तशाच बाकीच्या किती, ते सांगा. काच फुटल्यावर पत्रा किंवा प्लायवूड ठोकलेलं असेल तर ते सोडून द्या.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: झडप आत उघडते की बाहेर, आणि गज कुठे आहेत? आत उघडणाऱ्या झडपेच्या दोन्ही बाजू खोलीत उभं राहून पुसता येतात, मजला कुठलाही असो. पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या बंगल्यांत झडप बाहेर उघडते आणि चौकटीत उभे लोखंडी गज असतात. आतली बाजू गजांतून हात घालून कशीबशी होते. बाहेरच्या बाजूला हात पोचतच नाही. झडप बंद करायची आणि बाहेरून शिडी लावायची, दुसरा मार्ग नाही. म्हणून आमचे दोन दर आहेत. खोलीतून किंवा जमिनीवर उभं राहून होणारं तावदान १४ रुपये, शिडीवरून होणारं २० रुपये, दोन्ही बाजू धरून. काकांचा बंगला आज केला तर तळमजल्याची १३५ तावदानं १८९० रुपये, वरची १३५ म्हणजे २७०० रुपये, एकूण ४५९०. लाकडी पट्ट्यांच्या झिलमिलीला एका झडपेचे ६० रुपये वेगळे, कारण तिथे प्रत्येक पट्टी वरून आणि खालून पुसावी लागते.

आता फोटोंबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. व्हॉट्सअॅपवर येतो तो बंगल्याचा समोरून, फाटकातून काढलेला फोटो. बोगनवेल, नावाची पाटी, पोर्चमधली गाडी, सगळं छान. त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. अडचण नेहमी मागच्या बाजूला असते. वरच्या खिडकीखाली मंगळुरी कौलांची पडवी असेल तर कौलांवर शिडी टेकवता येत नाही, टेकवली तर खिडकीआधी पडवीच दुरुस्त करावी लागेल. शिडीचा साधा नियम असा की चार फूट उंचीला पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा. वीस फुटांवर टेकायची तर खाली पाच फूट मोकळी जागा लागते. पेठेत दोन वाड्यांमधला बोळ तीन फुटांचा असतो. तिथे शिडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि तशा शिडीवर आम्ही माणूस चढवत नाही. "आमचा नेहमीचा माणूस चढायचा," असं सांगितलं तरी नाही. अशा ठिकाणी बांबूची परांची बांधावी लागते आणि तिचा खर्च कधी कधी सफाईपेक्षाही जास्त होतो. हे आधी कळलं तर त्या तीन-चार खिडक्या सोडून बाकीचा दर देता येतो. कामाच्या दिवशी सकाळी कळलं तर तुमचाही दिवस जातो, आमचाही.

म्हणून तीनच फोटो पाठवा: एका खिडकीचा आतून, झडप उघडी ठेवून, घराच्या मागच्या बाजूचा, आणि वरच्या खिडकीतून खाली वाकून काढलेला जमिनीचा. एवढ्यावर आम्ही बहुतेक वेळा घरी न येताच आकडा सांगतो, आणि तो बदलत नाही.

काम झाल्यावर एक तक्रार हमखास येते: "काच पुसली, पण आता बाहेरचं झाड लाटांसारखं दिसतंय." ते आम्ही केलेलं नाही. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची फ्लोट पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. त्याआधीची खिडकीची साधी काच फुंकून किंवा ओढून बनायची आणि तिच्यात लाटा राहायच्याच. धुळीमुळे त्या दिसत नव्हत्या, एवढंच. काच वर्षानुवर्षं हळूहळू खाली ओघळते म्हणून लाटा पडतात, हे बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, पण ते खरं नाही. अशी तावदानं तुमच्याकडे असतील तर बदलू नका, आता सहज मिळत नाहीत.

पांढऱ्या डागांचे पैसे वेगळे. बोअरचं जड पाणी स्प्रिंकलरने तळमजल्याच्या खिडक्यांवर उडत राहिलं की क्षार बसतात, आणि ते साबणाच्या पाण्याने जात नाहीत. काही घरांत त्यावर संडास धुवायचं अॅसिड ओतलेलं आम्ही पाहिलंय. डाग गेले, पण पितळी कड्या काळ्या पडल्या आणि खालच्या शहाबादीला खड्डे पडले. शहाबादी हा चुन्याचाच दगड, अॅसिड लागताच तो फसफसतो. आम्ही सौम्य लिंबूसत्त्व वापरतो, तेही फरशीवर ओलं गोणपाट अंथरून. वेळ लागतो. त्याआधी स्प्रिंकलरचं तोंड वळवा, ते फुकट आहे. कामाच्या दिवशी आम्हाला दोन बादल्या महापालिकेचं पाणी लागतं. पाणी फक्त सकाळीच येत असेल तर आदल्या दिवशी भरून ठेवा.

हलणाऱ्या काचांबद्दल थोडं. जुनी लांबी, म्हणजे काचेभोवतीची पुट्टी, वाळून गळून गेलेली असते. काम सुरू करण्याआधी आमचा माणूस प्रत्येक तावदानावर बोटाने हलकं टकटक करतो. खुळखुळलं की त्यावर कागदी पट्टी चिकटवून तुम्हाला दाखवतो. पट्टीवालं तावदान आम्ही फक्त ओल्या फडक्याने टिपतो, आणि ते फुटलं तर भरपाई देत नाही. पट्टी नसलेलं फुटलं तर नवीन काच आमच्या खर्चाने. काही जणांना ही पट्टी म्हणजे आधीच हात झटकणं वाटतं. खरं तर ती लावायची नसती तर आमचा अर्धा तास वाचला असता. नवी लांबी लावून हवी असेल तर तेही काम आम्ही करतो, विचारा.

पेठेतल्या ग्राहकांनी गल्लीतलं सम-विषम तारखेचं पार्किंग तेवढं आधी सांगावं. टेम्पोवर वीस फुटी शिडी असते, ती घेऊन दोन गल्ल्या चालत येण्यात माणसं आणि गल्लीतले स्कूटरचे आरसे, दोघांचीही परीक्षा होते.

शेवटचं, तारखांबद्दल. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस गणपती उठायच्या आतच भरतात आणि त्या दिवसांत आम्ही कोणालाही सूट देत नाही. पितृपंधरवड्यात मात्र आमची माणसं मोकळी असतात, कारण लोक नवीन काम काढत नाहीत. आमच्या मते खिडक्या पुसणं हे काही नवीन काम नव्हे, जुनंच राहिलेलं असतं. त्या पंधरा दिवसांत एकूण बिलावर दहा टक्के कमी. पावसाने दिवस बुडाला तर दुसरी तारीख त्याच दरात. फक्त कावळ्यासाठी पान नेमकं कुठल्या खिडकीखाली ठेवता, ते शिडी लावायच्या आधी सांगा.