ब्रेकला कुठलंही ग्रीस चालतं? नाही चालत!

"ग्रीस ते ग्रीस, बेअरिंगचं हाय टेंपरेचरवालं असलं की ब्रेकलाही चालतं" हे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दरवेळी जीव तुटतो, कारण इथे प्रश्न फक्त उष्णतेचा नाहीच, खरा प्रश्न रबरचा आहे.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्यांच्यावर रबरी बूट म्हणजे झाकणं असतात, आणि ब्रेकमधलं रबर बहुतेक वेळा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइलला ते छान टिकतं (नावात ऑइल असलं तरी ते ग्लायकॉलचं असतं), पण पेट्रोलियम तेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. साधं लिथियम ग्रीस म्हणजे बहुतेकदा साबण मिसळलेलं खनिज तेलच की! मग बूट फुगतो, पिन जाम होते, कॅलिपर नीट सुटत नाही, एका बाजूचा पॅड लवकर झिजतो, चाक तापतं, आणि लोक म्हणतात पॅडच डुप्लिकेट होते.

पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, तेही पातळ थर, भसाभसा भरलं तर आत हवा कोंडून पिन मागे ढकलली जाते. तांब्याचं ग्रीस पिनांना नकोच, ते जाम होऊ नये म्हणून धातूवर धातू लागतो तिथलं. आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला कुठलंच ग्रीस नाही, चुकून लागलं तर डिस्कला ब्रेक क्लीनर मारून पुसा, पॅड मात्र बदलाच.