झडप बदललेला वैमानिक आणि 'फिट'चा शेरा

मिरजेच्या हृदयरोग ओपीडीत व्हॉल्व्ह बदललेला रुग्ण ही काही नवलाई नाही. शांत खोलीत शेजारी बसले, तर त्याच्या यांत्रिक झडपेची टिकटिक कधी कधी ऐकूही येते. असा माणूस शेती करतो, दुकान सांभाळतो; तोच कऱ्हाडच्या धावपट्टीवर वैमानिक व्हायला निघाला, तर मात्र डॉक्टरांपुढचा प्रश्न बदलतो.

१९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी, अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्यासह घडवलेली, पिंजऱ्यात हलणाऱ्या गोळीची कृत्रिम झडप बसवली आणि असे रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. ते टाळण्यासाठी रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन हे औषध घ्यावे, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॉकपिटमध्ये दोन्ही सारखेच घातक.

१८ जून १९७२ रोजी लंडनजवळ स्टेन्स येथे ट्रायडेंट विमान कोसळून ११८ जण दगावले आणि शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर आजार आढळला. तो झडपेचा आजार नव्हता; तरीही उड्डाणात वैमानिक अचानक निकामी होण्याचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

१९८० च्या दशकात युरोपात रुळलेला 'एक टक्क्याचा नियम' या प्रश्नाला आकड्यात बांधतो: वैमानिक अचानक निकामी होण्याचा धोका वर्षाला एक टक्क्यापर्यंत असेल, तर तो चालतो. वर्षाचे तास सुमारे १०,०००. म्हणून वर्षाला १ टक्का धोका म्हणजे दहा लाख तासांत एक प्रसंग. त्यातला दहावा हिस्साच उड्डाण-अवतरणासारख्या नाजूक वेळी येतो आणि तेव्हाही सहवैमानिक शंभरात एकदाच कमी पडेल, असे धरले की जीवघेणा अपघात अब्ज तासांत एक उरतो. हिशेब सुबक आहे, पण तो दुसऱ्या वैमानिकाच्या भरवशावर उभा आहे. म्हणूनच अशा वैमानिकाला परवानगी मिळालीच, तर बहुधा एकट्याने विमान चालवायचे नाही या अटीवर मिळते.

वॉर्फरिनच्या दृष्टीने झडप दुरुस्त करणे किंवा जैविक (प्राण्याच्या ऊतीची) झडप बसवणे सोयीचे. मग ते औषध जन्मभर घ्यावेच लागते असे नाही. त्यासाठी हृदयाची लय मात्र नियमित हवी, त्यामुळे इकोइतकाच हॉल्टरचा (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राचा) अहवालही बारकाईने पाहिला जातो. आपल्याकडची अडचण वेगळी आहे: ऱ्हुमॅटिक तापाने झडप तरुणपणीच खराब होते आणि जैविक झडप तरुण शरीरात लवकर झिजते, तेव्हा विशी-पंचविशीतल्या उमेदवाराला सर्जन बहुधा यांत्रिक झडपच सुचवतात.