दाराचा कॅरिअर आणि बंपरचा कॅरिअर: दिसायला सारखे, वजनाला वेगळे

लडाखला निघालेल्या एखाद्या महिंद्रा थारचा मागून काढलेला फोटो बघा. मध्ये स्टेपनी, तिच्या एका अंगाला 20 लिटरचा जेरी कॅन (इंधन-पाण्याचा डबा), दुसऱ्या अंगाला उभा बांधलेला, गाडी उंच उचलणारा हाय-लिफ्ट जॅक, वर कुठेतरी फावडं. गाडी झकास दिसते. पण हे सगळं टांगलंय कशावर, ते फोटोत कळत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. ॲक्सेसरीच्या दुकानात दोन अगदी वेगळ्या वस्तूंना सरसकट ‘रिअर कॅरिअर’ म्हणतात आणि दोन्हींबद्दल ‘काही होत नाही साहेब, बिनधास्त लावा’ हेच ऐकायला मिळतं.

पहिली वस्तू दाराला धरते. कंपनीने स्टेपनीसाठी दिलेल्या ब्रॅकेटवरच जास्तीची फ्रेम बसते आणि कॅन, जॅक तिला लटकतात. दुसरी दाराला शिवतही नाही. मूळ बंपर काढून पोलादी बंपर बसवतात, त्याच्या एका टोकाला उभा जाड दांडा असतो आणि त्याभोवती फिरणारा लोखंडी हात स्टेपनी-सामान सगळं पेलतो. त्याला स्विंग-आउट म्हणतात.

ओळखायचं कसं? दार उघडून बघा. ओझं दाराबरोबर फिरलं तर पहिला प्रकार. आधी हाताची कडी सोडून तो बाजूला सारावा लागला आणि मग मोकळं दार उघडलं, तर दुसरा. काही स्विंग-आउटमध्ये हात आणि दार एका छोट्या रॉडने जोडलेले असतात, म्हणजे दार ओढलं की हातही मागोमाग येतो. तिथे फसायला होतं. अशा वेळी खाली वाकून बंपरच्या कोपऱ्यात फिरणारा दांडा आहे का ते पाहायचं.

आता दाराचं गणित. कंपनीने ते दार आणि त्याच्या बिजागऱ्या गाडीसोबत आलेल्या मापाच्या स्टेपनीसाठी बनवलेल्या असतात. थारचं मूळ चाक रिमसकट साधारण 25 ते 30 किलोचं. आपण 30 धरू. डिझेलने भरलेला 20 लिटरचा कॅन म्हणजे डिझेल 17 किलो आणि रिकामा पत्र्याचा डबा 4 किलो, एकूण 21. चार फुटी हाय-लिफ्ट जॅक 13 किलोच्या आसपास. फ्रेमचे आणखी 10 धरा. 30 चे जवळजवळ 75 झाले.

पण नुसते किलो मोजून भागत नाही. वजन दारापासून किती बाहेर लोंबतंय, त्यावर दाराला बसणारी ओढ ठरते. समजा स्टेपनीचा मध्य दाराच्या पत्र्यापासून 20 सेंटिमीटर बाहेर आहे: 30 गुणिले 20, म्हणजे 600. कॅन स्टेपनीच्याही बाहेर, 45 सेंटिमीटरवर: 21 गुणिले 45, म्हणजे 945. वजनाने चाकापेक्षा हलका असलेला कॅन दाराला चाकाच्या दीडपट ओढतो! मोठे टायर टाकणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. रुंद चाक बसावं म्हणून ब्रॅकेटमध्ये स्पेसर (जाड चकती) घालतात, तेव्हा चाक जड होतंच, शिवाय आणखी बाहेरही सरकतं.

दार बंद असताना हा भार एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला लॅच (दार अडकवणारं कुलूप) वाटून घेतात. उघडलं की लॅच मोकळा, सगळं बिजागऱ्यांवर. दोन बिजागऱ्यांमध्ये समजा 40 सेंटिमीटर अंतर आहे आणि ओझ्याचा मध्य बिजागरीपासून 55 सेंटिमीटरवर. 75 किलोला वरची बिजागरी बाहेरच्या दिशेने 100 किलोहून जास्त जोराने ओढली जाते. दाराचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही, आणि गाडी अजून जागेवर उभी आहे. हिमाचलमधल्या ग्रामफू ते बातलच्या दगडगोट्यांत किंवा पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या कच्च्या रस्त्यावर हाच भार प्रत्येक धक्क्याला दुप्पट-तिप्पट होऊन आदळतो, तोही तासन् तास. म्हणून दार एकदम तुटून पडत नाही, हळूहळू थकतं. आधी बिजागरीच्या पायाशी रंगावर केसाएवढी रेघ उमटते. पावसाळ्यानंतर तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ दिसतो. तोवर आतला पत्रा फाटायला लागलेला असतो.

त्याआधी दार स्वतःच सांगत असतं, बघणारा हवा. लॅचच्या बाजूची आतली कड पाहा. तिथे धुळीची रेघ येत असेल तर दार उतरलंय आणि रबर नीट दाबलं जात नाही. दार बंद करताना खालून किंचित उचलावं लागतं का? खांबावरच्या लॅचच्या खुंटीची वरची कड घासून चकाकतेय का? आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे दार वीतभर उघडायचं, मोकळ्या टोकाला खालून हात घालून वर उचलायचं. बिजागरीत कट्‌कट् वाजलं तर कॅरिअर राहू द्या, आधी गॅरेज गाठा.

दाराच्या कॅरिअरमध्ये एक तगडी जात आहे, तिच्यावर अन्याय नको. तिच्यात मूळ बिजागऱ्याच बदलून जाड ओतीव बिजागऱ्या येतात आणि चाकाचा भार पत्र्याला न विचारता थेट त्यांच्यावर जातो. जीप रँग्लरवाल्यांमध्ये ही पद्धत मुरलेली आहे, कारण तिथे 35 आणि 37 इंची टायर टाकण्याची हौस जुनी आणि 37 इंची चाक रिमसकट 50 किलोच्या आसपास जातं. (2021 पासून रँग्लरची जुळणी आपल्या रांजणगावात होते, त्यामुळे हे प्रकार इकडेही दिसू लागलेत.) एक मोठं चाक, बस्स, यासाठी ही उत्तम सोय. पण तिच्यावरही कॅन, जॅक, शिडी चढवायला लागलात, तर भार शेवटी ज्या खांबावर बिजागरी बसते त्या खांबाच्या पत्र्यावरच येतो.

ही सगळी दगदग स्विंग-आउट टाळतो. भार हातावरून दांड्यात, दांड्यातून बंपरमध्ये आणि बंपरमधून चासीत (गाडीच्या सांगाड्यात) जातो. मात्र तो किती चांगला आहे, हे दांड्यापेक्षा दुसऱ्या टोकावरून ठरतं. हात बंद होताना पाचरीसारख्या तुकड्यावर चढून घट्ट बसला, म्हणजे चालत्या गाडीत त्याला दोन्ही टोकांना आधार मिळतो. पाचर नसेल, नुसती कडी असेल, तर हात रस्ताभर एका टोकावर नाचतो आणि दांड्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) बघता बघता ढिले होतात. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेणार असाल तर पाचर, ग्रीस भरायचा निपल आणि उघडा हात जागेवर धरणारी खीळ या तीन गोष्टी आधी मागा. बंगल्याच्या फाटकाची बिजागरी वेल्ड करून दिलेले हातही बाजारात आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खीळ का, ते घाटात उतारावर गाडी लावून 70-80 किलोचा हात उघडलात की समजेल. तो परत येतो, तेव्हा मध्ये कुणाची बोटं आहेत हे बघत नाही. मूळ बंपरवर तर काहीच टांगायचं नाही. बाहेरून दिसतं ते प्लास्टिक असतं आणि त्यामागची पट्टी धक्का सोसायला असते, ओझं वाहायला नव्हे.

मग सगळ्यांनी स्विंग-आउटच लावावा? नाही. तो स्वतःच जड असतो. बंपर आणि हात मिळून 60-70 किलो सहज भरतात, चाक-सामान वेगळं. आणि मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं वजन मागच्या ॲक्सलला (चाकांच्या आसाला) स्वतःपेक्षा जास्त वाटतं. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 2450 मिलिमीटर. ॲक्सलच्या 1100 मिलिमीटर मागे 100 किलो टांगले, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे 145 किलो वाढतात आणि पुढची चाकं 45 किलोंनी हलकी होतात. ओल्या रस्त्यावर स्टीअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळे.

मारुती जिम्नीचं तर आणखी अवघड. पाच दारांची जिम्नी रिकामी साधारण 1200 किलोची आणि सामान-माणसांसकट तिला मुभा 1545 किलोची. 70 किलोची चार माणसं बसली की 60-65 किलो उरतात. एवढे तर बंपर आणि हातच खाऊन टाकतील, कॅनमध्ये थेंब पडायच्या आधी. त्यात तिचे मागचे दिवे बंपरमध्येच आहेत. बंपर बदलायचा म्हणजे दिव्यांची नवी जागा आणि नवं वायरिंग आलं. माझ्या मते जिम्नीवाल्याने मूळ मापाची स्टेपनी दारावर तशीच ठेवावी, जड सामान मागच्या सीटच्या पाठीशी खाली पट्ट्यांनी बांधावं, आणि दोघंच जाणार असतील तर मागची सीट पाडून वाटेल तेवढं आत भरावं. थारला मोठे टायर, लांबचे प्रवास आणि दोनच माणसं असं गणित असेल, तर स्विंग-आउट शोभतो. स्प्रिंगांचाही विचार त्यासोबत करावा लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि बुलबार-क्रॅश गार्डवर (बंपरवर लावायच्या जादा लोखंडी दांड्यांवर) केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून बंदीची आठवण करून दिली होती. त्यामुळे पोलादी बंपर बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. कॅरिअर कुठलाही असो, नंबरप्लेट, तिचा दिवा, वरचा ब्रेकलाइट आणि मागचा कॅमेरा झाकला जाता कामा नये. पेट्रोल स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय एकूण 30 लिटरपर्यंत जवळ ठेवता येतं, तेही पक्क्या झाकणाच्या धातूच्या डब्यात. तरी भरलेला पेट्रोलचा कॅन गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे मागून ठोकणारा पहिला आदळतो तिथे टांगणं मला कधीच पटलेलं नाही. पाण्याचा टांगा हवा तर.

शिडीचंही तेच. दाराच्या कडेला चिमट्यांनी धरलेली शिडी टपावर चढायला असते आणि चढणारा 80 किलोचा माणूस म्हणजे बाहेर लोंबणारं ओझंच. चढायचंच असेल तर दार बंद करून लॅच नीट लागलाय हे बघून एकेकाने चढावं, आणि टपावरचे डबे शिडीवर उभं राहून हिसके देत ओढू नयेत.

नवीन कॅरिअर बसवला की बिजागरीच्या आणि ब्रॅकेटच्या प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करने बोल्ट आणि पत्रा जोडणारी एक रेघ मारा. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर, आणि कच्च्या रस्त्यावर रोज संध्याकाळी, टॉर्च मारून बघा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. तिथेच पान्याने आवळा, आणि तोच बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरला तर कॅन उतरवून आत ठेवा.