सुपरहिट आणि कल्ट: ऐंशीच्या दशकातल्या सिनेमांची एक गल्लत

ऐंशीच्या दशकातला कुठलाही सिनेमा टीव्हीवर लागला की हल्ली घरात कुणीतरी म्हणतंच, "कल्ट आहे हा!" जितेंद्र-श्रीदेवीचा 'हिम्मतवाला' कल्ट, अमिताभचा 'कुली' कल्ट, 'अशी ही बनवाबनवी' तर आहेच आहे. यातला शेवटचा सोडला तर बाकीचे दोन सरळसरळ सुपरहिट. त्यात कमीपणा काही नाही, पण सुपरहिटचा मान वेगळा आणि कल्टचा, म्हणजे चाहत्यांनी वर्षानुवर्षं जिवापाड जपलेल्या सिनेमाचा, मान वेगळा.

1983 हे एकच साल घ्या. त्या वर्षी 'कुली' आला आणि 'जाने भी दो यारो'ही आला. 'कुली'च्या शूटिंगमध्ये आदल्या वर्षी बंगळुरूला अमिताभ पोटात मार बसून मरता मरता वाचला होता, देशभर नवस बोलले गेले होते. जिथे तो मार बसला, तिथे सिनेमात चित्र थांबवून पाटी दाखवली आहे. आपला माणूस धडधाकट परत आला, हे डोळ्यांनी बघायला लोकांनी तिकिटं काढली. त्यात भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हमालच हीरो म्हटल्यावर बोलायलाच नको. पण ती ओढ त्या दिवसांची होती. आजच्या पोराला तो थांबलेला शॉट दाखवला तर तो विचारेल, "नेट गेलं का?"

'जाने भी दो यारो'चं उलटं. कुंदन शाहांनी तो एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशातून, 7 लाखांच्या आसपास खर्चात उरकला. दोन कफल्लक फोटोग्राफर, लाचखाऊ कमिशनर, एकमेकांवर कुरघोडी करणारे बिल्डर आणि कोसळणारा पूल. थिएटरात त्याने कुणाला श्रीमंत केलं नाही. नंतर मात्र तो दूरदर्शनवर आणि कॅसेटवर पुन्हापुन्हा पाहिला गेला आणि 2012 साली दुरुस्त केलेल्या प्रिंटसह परत थिएटरात लागला. त्यातला महाभारताचा प्रसंग आठवा. कमिशनरचं प्रेत द्रौपदी म्हणून स्टेजवर उभं, प्रत्येकाला ते पळवायचंय आणि ओम पुरीचा दारू प्यायलेला बिल्डर मधेच घुसून सांगतो, द्रौपदीत आम्ही सगळे शेअरहोल्डर आहोत. ठेकेदारीच्या बातम्या जोवर पेपरात येताहेत, तोवर हा प्रसंग शिळा होणार नाही.

म्हणजे फरक कुठे? हिटचा निकाल तिकीट खिडकीवर, पहिल्या काही आठवड्यांत लागतो. कल्टचा निकाल दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, विसाव्यांदा बघणारा लावतो. म्हणून तर ऐंशीचं दशक या बाबतीत सुपीक निघालं. आधीच्या काळात पडलेला सिनेमा उतरला की बहुधा संपला; परत दिसला तर एखाद्या मॅटिनीला नाहीतर यात्रेतल्या तंबूत, तोही नशीब असेल तर. ऐंशीत रंगीत टीव्ही आला, व्हीसीआर आला. गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीतून दोन्ही भाड्याने आणायची आणि रात्रभर कॅसेटमागून कॅसेट चालायची. पडलेल्या सिनेमाला असा दुसरा जन्म मिळाला. परदेशातही तेच झालं: 1982 चा 'ब्लेड रनर' थिएटरात फिका पडला आणि कॅसेटवर उजळला.

पण कल्ट व्हायला आधी पडावंच लागतं, हा दुसरा गैरसमज. 'अशी ही बनवाबनवी' 1988 साली आला तेव्हाच जोरात चालला. तो कल्ट झाला तो मात्र धंद्यामुळे नाही, आणि कथेमुळेही नाही. तीच कथा 1966 च्या 'बीवी और मकान'मध्ये होती, आज ती किती जणांना आठवते? वसंत सबनीसांचे संवाद आणि ते उडवणारी मंडळी, हा खरा जीव. हिवाळ्यात जळगावकडे शेतात भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात आणि उशिरा आलेला गडी लांबूनच ओरडतो, "धनंजय माने आठेच ऱ्हातस का?" संवाद अहिराणीत गेला तरी हसू तिथेच फुटतं. उसने दिलेले पैसे बुडाले की "सत्तर रुपये वारले". असं बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांचा तर 1988 साली जन्मही झालेला नव्हता.

शिवाय विषय बघा. पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी वणवण. आमच्या धुळे-जळगाव-नंदुरबारची पोरं शिकायला, स्पर्धा परीक्षेला, नोकरीला पुण्यात उतरली की "बॅचलर चालणार नाहीत" हे ऐकतातच. दरवर्षी नवी तुकडी जाते, दरवर्षी तोच अपमान गिळते आणि त्या सिनेमाला दरवर्षी ताजा प्रेक्षक मिळतो. ही सोय 'हिम्मतवाला'ला नाही. त्याची गाणी लग्नाच्या बँडवर अजून वाजतील, पण त्यातला एखादा संवाद म्हणून दाखवा बरं!

आता 'चांगला सिनेमा म्हणजे कल्ट' असंही समजू नका. स्मिता पाटीलचं घराणं शिरपूरचं, म्हणून ती आमची, हे आम्ही हक्काने सांगतो. 1982 साली तिचा 'नमक हलाल' आला आणि जब्बार पटेलांचा 'उंबरठा'ही. पहिला हिट, दुसरा अभिजात. 'उंबरठा' बघून माणूस गप्प होतो. त्याच्या नकला करत पार्टी रंगत नाही. दोन्ही कल्ट नाहीत आणि त्याने कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' मधल्यामधे लोंबकळतो. 1984 साली लोकांनी तो घाबरत बघितला आणि तो हिट झाला. आज तोच सिनेमा पोरं मोठ्या मायेने, हसत हसत बघतात. माझ्या लेखी हसणं सुरू झालं तेव्हा तो कल्टमध्ये गेला, पण यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

आणि कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' तर हिट-फ्लॉपच्या हिशेबातच बसत नाही. बनला 1988 साली, थिएटरात लागला 2014 साली. मधली पंचवीस-एक वर्षं तो कॅसेटवरून हातोहात फिरला आणि सिनेमा शिकणाऱ्यांनी त्याची पारायणं केली. त्यांच्यापुरता तो पक्का कल्ट. खान्देशात मात्र त्याचं नाव काढलं तर लोक विचारतात, "कोणाचा? मिथुनचा का?"