नव्या टर्बो गाडीत जुनाच ईसीयू कशाला? थोडी पार्श्वभूमी

१९९६ नंतरची टर्बो एक्लिप्स किंवा टॅलन घ्यायची आणि तिच्यात १९९५ चा, नाहीतर त्याहूनही जुना इंजिन कॉम्प्युटर (ईसीयू) जंकयार्डातून शोधून आणून बसवायचा, हा उद्योग अमेरिकेत बरीच वर्षं जोरात चालला. पहिल्यांदा ऐकलं की उलटंच वाटतं, नवीन काढून जुनं कोण लावतं? पण मागचं सगळं कळलं की वाटतं, दुसरं करणार तरी काय होती ही मंडळी.

आधी गाडीबद्दल. क्रायस्लर आणि मित्सुबिशी यांनी १९८५ मध्ये डायमंड-स्टार मोटर्स नावाची भागीदारी केली, मित्सुबिशीचे तीन हिरे आणि क्रायस्लरचा पाच टोकांचा तारा म्हणून ते नाव. कारखाना इलिनॉय राज्यात, गावाचं नाव चक्क नॉर्मल. १९९० च्या मॉडेलपासून तिथून एकच गाडी तीन नावांनी बाहेर पडायला लागली: मित्सुबिशी एक्लिप्स, ईगल टॅलन, प्लायमाउथ लेझर. टर्बोवाल्यांत दोन लिटरचं ४जी६३ इंजिन, तेच जे पुढे लॅन्सर इव्होत बसलं आणि ज्याच्या जोरावर रॅली ड्रायव्हर टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद जिंकलं. (आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने विकलेली लॅन्सर त्याच खानदानातली, पण आपल्या नशिबी मुख्यतः दीड लिटर पेट्रोल नाहीतर डिझेल आलं.) पहिल्या पिढीची ताकद १९५ हॉर्सपॉवरपर्यंत, १९९५ ला दुसरी पिढी आली तिची २१०. आजच्या मानाने फार नाही, पण इंजिनाचा लोखंडी ब्लॉक एवढा दणकट की बूस्ट, म्हणजे टर्बो हवा कोंबतो तो दाब, वाढवायचा मोह कोणालाही व्हावा, आणि झालाच.

आता अडचण काय यायची ते नीट बघू, कारण सगळी गोम इथेच आहे. इंजिनात हवा किती जातेय हे या गाड्या एअरफ्लो मीटरने मोजतात, आणि मित्सुबिशीचा मीटर हवेत तयार होणारे भोवरे मोजणारा. ईसीयू त्यावरून पेट्रोल किती सोडायचं आणि स्पार्क कधी द्यायचा हे दोन्ही ठरवतो. बूस्ट वाढवला की हवा ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते, ईसीयू घाबरतो आणि सरळ पेट्रोल बंद करतो, याला फ्युएल कट म्हणतात, आणि फुल थ्रॉटलवर तो बसला की मागून कोणीतरी गाडी ओढून धरल्यासारखं होतं. शिवाय मोठे इंजेक्टर टाकले तर ईसीयूला ते माहीतच नसतं, तो आपला जुन्या हिशोबाने उघडझाप करत राहतो आणि पेट्रोल भसाभस ओतलं जातं.

यावर नव्वदच्या दशकातला जुगाड म्हणजे अॅपेक्सीच्या एस-एएफसीसारखी पिगीबॅक पेटी. ती मीटर आणि ईसीयूच्या मध्ये बसून खोटं बोलायची, हवा शंभर आली तर सत्तर सांगायची, म्हणजे मोठ्या इंजेक्टरमधूनही पेट्रोल मापात. दिसायला झकास. पण ईसीयूला वाटतं इंजिनावर लोड कमी आहे, आणि लोड कमी म्हणजे तो स्पार्क अजून लवकर देतो, तेही नेमकं बूस्ट जास्त असताना! मग नॉक, म्हणजे मिश्रण नको तेव्हा आपोआप पेटून इंजिनात ठोके. नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढून थोडं सांभाळून घ्यायचा, पण किती पिस्टन या खोट्या सत्तरपायी गेले असतील देव जाणे. माझ्या मते ईसीयू बदलाचं खरं मूळ हे आहे, लोकांना कॉम्प्युटरला फसवायचा कंटाळा आला आणि त्याला खरं सांगायची सोय हवी झाली.

ती सोय जुन्या डब्यांत होती. पहिल्या पिढीच्या बऱ्याच ईसीयूंमध्ये प्रोग्रॅम वेगळ्या ईप्रॉम चिपवर असायचा. चिप काढा, आतला डेटा वाचून घ्या, हवा तो बदल करून नवी चिप लावा. पण पहिल्या पिढीतही सगळ्यांत ती नव्हती, काहींमध्ये प्रोग्रॅम प्रोसेसरच्या पोटातच कायमचा छापलेला. म्हणून डबा विकत घेण्याआधी स्क्रू काढून झाकण उघडून बघायची पद्धत पडली. झाकण उघडलं की दुसरी गोष्टही कळायची: या डब्यांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने गळतात, बोर्डवर तपकिरी ओल पसरते, खाली तांब्याच्या रेघा खाल्लेल्या असतात आणि मासळीसारखा वास येतो. वास आला की आधी कपॅसिटर बदलायचे, चिपचं मग.

दुसऱ्या पिढीत ही वेगळी चिप मुख्यतः १९९५ च्या डब्यांतच सापडायची. नंतरचे डबे बंद. इथे कायदाही आडवा येतो, कारण १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे प्रदूषणाचे बिघाड ओळखून पोर्टवरून सांगायची ठराविक पद्धत) सक्तीचं झालं, आणि त्या नियमांत प्रदूषणाशी संबंधित प्रोग्रॅममध्ये कोणी सहज ढवळाढवळ करू नये अशीही अपेक्षा होती. चिप आत गेली ती त्यामुळेच की पैसे वाचवायला, हे कंपनीलाच ठाऊक, मला तरी पैशाचं कारण मोठं वाटतं.

मग दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला डीएसएमलिंक नावाची ट्यूनिंगची सोय आली, डीएसएम म्हणजे डायमंड-स्टार मोटर्स. लॅपटॉप जोडा, इंजेक्टरचा आकार खरा सांगा, टायमिंग बघा, नॉक कुठे होतोय ते लॉग करा, तेही मूळ कंपनीच्याच ईसीयूवर. अट एकच, डबा ईप्रॉमवाला हवा. झालं, ९६ ते ९९ वाले सगळे ९५ च्या डब्यामागे लागले आणि एरवी भंगारात गेला असता तो डबा एकदम भाव खायला लागला.

आणि प्लग लागला म्हणजे काम झालं असं बिलकुल नाही. वर्षानुसार काही पिनांची कामं बदलतात, त्यामुळे हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या, वायरी इकडच्या तिकडे कराव्या लागतात. पहिल्या पिढीत कॅम आणि क्रँक दोन्हींचे सिग्नल कॅमवर बसणाऱ्या एकाच सेन्सरमधून यायचे, दुसऱ्या पिढीत दोन वेगळे सेन्सर. त्यातून दुसऱ्या पिढीच्या सात बोल्टवाल्या (फ्लायव्हील सात बोल्टांनी बसणाऱ्या) क्रँकची क्रँकवॉकसाठी बदनामी झाली, क्रँक पुढेमागे सरकून बेअरिंग खायची, म्हणून बरेच जण जुनं सहा बोल्टवालं इंजिनच नव्या गाडीत टाकायचे. म्हणजे बॉडी ९७ ची, इंजिन ९१ चं, कॉम्प्युटर ९५ चा, आणि सेन्सर कोणाचे ते वायरिंग करणाऱ्याला विचारायचं.

होंडावाल्यांकडेही हेच. १९९६ ते २००० ची सिव्हिक घरी टर्बो केली की मूळ ईसीयूला बूस्ट म्हणजे काय हेच माहीत नसायचं, इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा वर गेला की चेक इंजिन लाइट. आधी त्या सेन्सरच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह टाकून बूस्ट लपवला, पुन्हा तेच खोटं बोलणं. मग १९९२-९५ च्या सिव्हिकमधला पी२८ डबा आणि तयार कन्व्हर्जन हार्नेस. होंडाने बोर्डवर बाहेरच्या चिपची जागा मोकळी सोडलेली, तिथे २८ पायांचं सॉकेट, ७४एचसी३७३ ही छोटी लॅच चिप, जे१ चा जंपर वगैरे सोल्डर केलं की ३२ किलोबाइटचा स्वतःचा प्रोग्रॅम चालू. एवढ्या स्वस्तात असं काही दुसऱ्या कुठल्या गाडीत जमलं असेल असं वाटत नाही.

किंमत मोजावी लागली ती तपासणीत. जिथे प्रदूषण चाचणी ओबीडी-२ च्या पोर्टवरून होते तिथे ओबीडी-१ चा, म्हणजे त्याआधीच्या पद्धतीचा, डबा उत्तरच देत नाही, गाडी नापास. म्हणून मूळ डबा कोणी विकत नसे, चाचणी आली की परत लावायचा. तोही आदल्या रात्री लावून भागत नाही, कारण करंट तुटला की त्याच्या रेडिनेस मॉनिटरची, म्हणजे स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्याच्या नोंदींची, पाटी कोरी होते आणि ती भरायला आधी काही दिवस गाडी शहाण्यासारखी चालवावी लागते.