फिजिकली बेस्ड रेंडरिंग

थ्रीडी सीनमधला उजेड अंदाजपंचे न रंगवता प्रकाशाच्या भौतिक नियमांनी हिशोब करून चित्र काढायचं, याला फिजिकली बेस्ड रेंडरिंग म्हणतात. पीबीआरटी, मित्सुबा, लक्सकोअररेंडर, ब्लेंडरमधलं सायकल्स ही त्यातली ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स. गेमवाले पीबीआर (याच नावाचं लघुरूप) म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मटेरियलबद्दलच, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसावा याबद्दलच बोलत असतात, तो विषय थोडा वेगळा.

आधी काय व्हायचं, कोपरा फार काळा दिसला की तिथे एक खोटा लाइट लपवून ठेवायचे आणि भागवायचे. इथे खिडकीतून आलेला उजेड जमिनीवरून छतावर, छतावरून कोपऱ्यात असा आपला आपणच पोचतो, शेजारची भिंत लाल असली तर पांढऱ्या भिंतीवर लालसर झाकही येते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेलं रेंडरिंग इक्वेशन. एखाद्या बिंदूकडून आपल्याकडे येणारा उजेड म्हणजे तो स्वतः देतो तेवढा, अधिक चहूबाजूंनी त्याच्यावर पडलेल्यातला तो आपल्या दिशेने परत पाठवतो तेवढा. आता पडलेला उजेडही दुसऱ्या कुठल्यातरी बिंदूवरूनच आलेला असतो, त्यामुळे हा हिशोब संपतच नाही! म्हणून काजियांनी त्याच पेपरमध्ये पाथ ट्रेसिंग दिलं, म्हणजे कॅमेऱ्यातून किरण सोडायचे, त्यांना रँडम दिशांनी उड्या मारू द्यायच्या आणि सरासरी काढायची. सरासरी कच्ची असेपर्यंत चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखा नॉइज दिसतो, आणि तो निम्मा करायचा तर सॅम्पल्स, म्हणजे दर पिक्सेलमागे सोडलेले किरण, दुप्पट नाही, चौपट लागतात. रेंडरला रात्र जाते ती इथे.

खरी परीक्षा काचेच्या ग्लासची. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणून समोरून बघितलं तर एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के उजेड परततो, पण कडेला नजर तिरपी झाली की जवळजवळ सगळाच, हे सॉफ्टवेअर आपोआप करतं. टेबलावर ग्लासखाली पडणारी चकाकती नक्षी, म्हणजे कॉस्टिक, तिथे मात्र साधं पाथ ट्रेसिंग रडतं, कारण कॅमेऱ्याकडून निघालेला किरण काचेतून वळून नेमका छोट्याशा बल्बवर आदळणं हा निव्वळ नशिबाचा भाग. आदळलाच तर एकच पिक्सेल भगभगीत पांढरा होतो, त्याला फायरफ्लाय म्हणतात. यावर किरण दोन्ही टोकांकडून सोडणारी बायडायरेक्शनल पद्धत आहे, शिवाय वीच आणि गिबास यांची १९९७ ची मेट्रोपोलिस पद्धत, जी एकदा सापडलेली वाट सोडत नाही, तिच्याच आसपास शोधत राहते.

हल्ली बरेच जण थोडे सॅम्पल्स घेऊन डिनॉइझर, म्हणजे नॉइज पुसणारा फिल्टर, मारतात, पण सॅम्पल्स फारच कमी असले तर नॉइजबरोबर कापडाची वीणही पुसली जाते.